माने-मोने वेगळे, सहस्रबुद्धे-सहस्त्रबुद्धे एक: हे संगणकाला कसं सांगायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावचं जुनं सार्वजनिक वाचनालय, ३२ हजार पुस्तकं. नोंदी एक्सेलमध्ये आहेत आणि वीस-पंचवीस वर्षांत वेगवेगळ्या हातांनी टाइप झालेल्या आहेत. एकेका लेखकाचं नाव पाच-सहा तऱ्हांनी पडलंय. संगणक शिकलेल्या एका मुलाने 'लेव्हेनश्टाईन अंतर' (दोन शब्दांत किती चिन्हांचा फरक आहे ते मोजणारं माप) लावून सारखी नावं एकत्र करून पाहिली, तर माने आणि मोने एक झाले आणि सहस्रबुद्धे मात्र दोन राहिले. तेव्हा यापेक्षा चांगलं सॉफ्टवेअर कोणतं, असं तुम्ही विचारलंय.

सॉफ्टवेअरचं नाव मी पुढे सांगतो, पण त्याने हा पेच सुटणार नाही. त्या मुलाने वापरलेली पद्धत बरोबर आहे, लावण्याची वेळ चुकली. अंतर मोजायचं ते सगळ्यात शेवटी. त्याआधी मराठी लेखनातले कोणते फरक निव्वळ लिहिण्याचे आहेत आणि कोणते नावच बदलतात, हे आपण ठरवून संगणकाला सांगावं लागतं. ते त्याला कुठलंही सूत्र सांगत नाही. ते मराठी वाचणाऱ्या माणसालाच माहीत असतं, आणि तुमच्या वाचनालयात तशी माणसं आहेत.

आधी माने-मोनेचं काय झालं ते पाहू. व्लादिमिर लेव्हेनश्टाईन हे सोव्हिएत गणितज्ञ. १९६५ मध्ये त्यांनी हे माप मांडलं तेव्हा त्यांच्यासमोर शुद्धलेखन नव्हतं, संदेश पाठवताना शून्य-एकच्या माळेत होणाऱ्या चुका होत्या. एका माळेतून दुसरी करायला कमीत कमी किती चिन्हं घालावी, गाळावी किंवा बदलावी लागतात, तो आकडा म्हणजे अंतर. त्याच्या आदल्या वर्षी फ्रेडरिक डॅमेरो यांनी इंग्रजी नोंदींतल्या चुका तपासल्या होत्या. ८० टक्क्यांहून जास्त चुकांत एकच अक्षर जास्त, कमी, चुकीचं किंवा शेजारच्याशी अदलाबदल झालेलं होतं. म्हणून इंग्रजीत 'अंतर १ किंवा २ असेल तर बहुधा तोच शब्द' हा अंदाज बऱ्यापैकी चालतो.

मराठीत संगणक जे मोजतो ते आपलं अक्षर नसतं. 'कुलकर्णी' आपल्याला चार अक्षरांचं दिसतं. संगणकाकडे क, उकार, ल, क, र, हलन्त, ण, दीर्घ ईकार अशी आठ चिन्हं असतात. 'माने' म्हणजे चार चिन्हं. त्यातला एक काना बदलून ओकार केला की 'मोने', म्हणजे अंतर १. 'सहस्रबुद्धे'मध्ये कुणी स्र ऐवजी स्त्र लिहिलं की त आणि हलन्त अशी दोन चिन्हं वाढतात, म्हणजे अंतर २. दोन वेगळी घराणी जवळ आली आणि एकच घराणं दूर गेलं. मर्यादा १ ठेवा किंवा २ ठेवा, हे उलटंच राहणार. काळे आणि काणे, काणे आणि राणे, साने आणि माने अशी दोन-अक्षरी आडनावं आपल्याकडे इतकी आहेत की एका चिन्हाच्या फरकाने सगळी एकमेकांना चिकटतात.

यातच आणखी एक खोड आहे. जुन्या प्रणालींतली काही फंक्शनं (तयार आज्ञा) चिन्हंसुद्धा मोजत नाहीत, बाइट, म्हणजे साठवणीचे छोटे तुकडे, मोजतात. यूनिकोड साठवण्याची जी यूटीएफ-८ नावाची पद्धत आहे, तिच्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं असतं. अशा मोजणीत 'पाटिल' आणि 'पाटील' यांचं अंतर २ येतं, तर 'कुलकर्णी' आणि 'कुळकर्णी' यांचं १. कारण एवढंच की यूनिकोडच्या तक्त्यात ऱ्हस्व इकार आणि दीर्घ ईकार यांच्या मधोमध बाइटांचा एक गट संपून दुसरा सुरू होतो. भाषेशी त्याचा काही संबंध नाही. तुमच्या त्या मुलाला सांगा, आधी 'माने' या शब्दाची लांबी विचारून पाहा. ४ आली तर चिन्हं मोजली जातायत. १२ आली तर ते फंक्शन बाजूला ठेवा.

तसंच नावं 'साफ' करणाऱ्या तयार आज्ञांपासून फार जपायला हवं. पायथन या संगणकभाषेच्या नेहमीच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकुरातले साचे शोधण्याच्या सोयीत) 'शब्दातलं अक्षर' म्हणून जी खूण आहे, तिच्या हिशेबात काना-वेलांट्या बसत नाहीत. अक्षरं सोडून बाकीचं काढून टाक म्हटलं की 'पाटील'चं 'पटल' होतं. युरोपीय भाषांसाठी लिहिलेली 'अक्षरावरच्या खुणा काढा' ही पायरी याहून घातक. ती वर-खाली जोडलेल्या खुणा काढते, आणि आपले उकार, एकार, अनुस्वार, हलन्त तिला तशाच खुणा वाटतात. तिच्यातून 'फुले' हे आडनाव 'फल' होऊन बाहेर पडतं. कुठेही चूक झाल्याचा संदेश येत नाही, म्हणून हे महिनोन्महिने कुणाच्या लक्षात येत नाही.

आता कामाची पहिली पायरी: डोळ्यांना एकच दिसणारं, पण आत वेगळं साठवलेलं लेखन एक करणं. यात मत-मतांतराला जागाच नाही, म्हणून इथूनच सुरुवात करा. जुन्या फॉन्टमधून यूनिकोडमध्ये आणलेल्या नोंदी असतील तर ओकाराच्या जागी काना आणि एकार असे दोन तुकडे सापडतील. 'आ'च्या जागी 'अ' आणि काना सापडेल. छापल्यावर दोन्ही सारखेच दिसतात. यूनिकोडचं प्रमाण सामान्यीकरण, म्हणजे समान रूपं एक करणारी त्याची ठरीव पायरी, हे दुरुस्त करत नाही, कारण त्याच्या लेखी ती समान रूपं नाहीतच. 'ॲ' हे अक्षर यूनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं. त्याआधी आणि नंतरही लोक 'अ'वर चंद्र देत आले किंवा हिंदी कळफलकावरचा 'ऍ' वापरत आले. तिन्ही एक करा. विसर्गाच्या जागी टाइप केलेलं कोलन तर सर्वत्र आहे. 'दु:ख' आणि 'दुःख' संगणकाला वेगळे शब्द वाटतात. आद्याक्षरांपुढे कुणी टिंब देतं, कुणी जुन्या छपाईसारखं लाघवचिन्ह, कुणी ते चिन्ह सापडलं नाही म्हणून चक्क शून्य. 'पु. ल.', 'पु.ल.', 'पु० ल०' हे सगळं एका साच्यात आणा.

याच पायरीवर 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' येतात. 'कऱ्हाड'मधला तो अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: एकात नुक्ता (खाली टिंब) असलेला 'ऱ' आणि हलन्त, दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि पुढे न दिसणारं एक जोडचिन्ह. बरेच लोक 'अदृश्य चिन्हं काढा' म्हणून ते जोडचिन्ह आधीच उडवतात, आणि मग 'ह'वर रफार चढून बसतो. क्रम उलटा ठेवा: आधी दुसऱ्या तऱ्हेचं पहिल्यात रूपांतर करा, मग उरलेली अदृश्य चिन्हं काढा. मराठीला हा भेद हवाच आहे. आचार्यांना बोलावणं आणि आचाऱ्यांना बोलावणं यांत अख्ख्या कार्यक्रमाचा फरक पडतो.

दुसरी पायरी शुद्धलेखनाच्या इतिहासाची, आणि वाचनालयाच्या यादीत हीच सगळ्यात जास्त कामी येते. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ मध्ये आले आणि १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडून ते अठरा झाले. त्यांनी उच्चार न होणारे अनुस्वार काढले आणि शब्दाच्या शेवटचे इकार-उकार दीर्घ केले. तुमच्या कपाटांत त्याआधीची आणि नंतरची पुस्तकं शेजारी शेजारी उभी आहेत. नोंद करणाऱ्याने मुखपृष्ठावर दिसलं तसं उतरवलं असेल, तर 'कांही' आणि 'काही', 'गांवकर' आणि 'गावकर', 'कवि' आणि 'कवी', 'हरि' आणि 'हरी' ही सगळी रूपं यादीत असणारच. यांतलं एकही रूप चुकीचं नाही, आपापल्या काळात ते बरोबरच होतं. म्हणून मूळ नोंद बदलायची नाही. तिच्या शेजारी एक नवा रकाना घालायचा आणि त्यात त्या नावाची 'किल्ली' तयार करायची. दोन नावांची किल्ली एक आली की ती जुळण्याची शक्यता आहे, इतकंच किल्ली सांगते.

या किल्लीत मी काय काय एक करतो? ऱ्हस्व-दीर्घ सगळे एक. पुढे त्याच वर्गातलं व्यंजन असेल तर अनुनासिकाचा अनुस्वार, म्हणजे 'पाण्डुरङ्ग', 'पांडुरंग' आणि 'पांडूरंग' एका जागी येतात. हा नियम लिहिताना पुढचं व्यंजन स्वतःच अनुनासिक असेल तर थांबायचं. नाहीतर 'अन्न' बिघडतं. पुस्तकांच्या नावांत 'वाङ्मय'चं 'वाड्मय' आणि 'वाङमय' इतक्या वेळा झालेलं असतं की त्याच्यासाठी स्वतंत्र नियमच ठेवा. जोडाक्षरातलं दुहेरी व्यंजन एकेरी केलं की 'तत्त्व-तत्व', 'महत्त्व-महत्व', 'उज्ज्वल-उज्वल' जुळतात. 'स्त्र'चं 'स्र' केलं की सहस्रबुद्धे घरी परततात. किल्लीत 'स्त्री'ची 'स्री' होईल, ती होऊ द्या. किल्ली वाचायला नसते.

'द्ध' आणि 'ध्द' यांची गंमत कळून घेण्यासारखी आहे. 'प्रसिद्ध'चं 'प्रसिध्द', 'सिद्धार्थ'चं 'सिध्दार्थ' ही टाइप करणाऱ्यांची फार नेहमीची चूक. डॅमेरोंनी शेजारच्या दोन अक्षरांची अदलाबदल ही एकच चूक धरली, तेव्हा वाटतं की ते माप इथे उपयोगी पडेल. पडत नाही, कारण द आणि ध यांच्या मध्ये हलन्त बसलेला असतो, त्यामुळे संगणकाच्या दृष्टीने ती शेजारी नाहीतच. अंतर २ येतं. 'ह्रस्व' आणि 'ऱ्हस्व' यांचंही तेच. असे प्रकार नियमानेच सोडवावेत. द्ध-ध्द, ब्ध-ध्ब, ह्न-न्ह, ह्म-म्ह एवढी छोटी यादी केली तरी बराच कचरा निघून जातो.

जुन्या कागदपत्रांवर काम करणाऱ्यांसाठी इथे एक गोष्ट सांगायला हवी. मोडी लिपीत इकार-उकार ऱ्हस्व की दीर्घ हे साधारणपणे वेगळं दाखवत नाहीत. तेव्हा मोडीवरून देवनागरीत आणलेल्या नावांत 'विठु' आणि 'विठू' हा फरक मूळ कागदात नसतोच, लिप्यंतर करणाऱ्याने तो घातलेला असतो. अशा याद्यांत ऱ्हस्व-दीर्घाला शून्य किंमत द्यावी.

आता काय एक करू नये याबद्दल. ल आणि ळ, न आणि ण यांना या पहिल्या किल्लीत हात लावू नका. 'वेल' आणि 'वेळ', 'मन' आणि 'मण' हे आपल्या भाषेतले खरे भेद आहेत. पण 'कुलकर्णी-कुळकर्णी'ही आहेच. अनुस्वार सरसकट गाळले तर 'गांवकर' जुळेल, पण 'नंदी'ची 'नदी' होईल. दुहेरी व्यंजनांचा नियमसुद्धा 'भट' आणि 'भट्ट' एक करतो, ते तपासणाऱ्याने पाहायला हवं. म्हणून दोन किल्ल्या करा. एक कडक, जिच्यात वरचे बिनधोक नियम. दुसरी सैल, जिच्यात अनुस्वार नाही, ळ-ल एक, ण-न एक, श-ष-स एक. कडक किल्ली जुळली तर तपासणारा झरझर होकार देत जातो. फक्त सैल किल्ली जुळली तर थांबून पुस्तक काढून पाहतो.

एवढं झाल्यावर जे उरतं त्यातच खऱ्या टायपिंगच्या चुका असतात: राहिलेला काना, शेजारची कळ, गाळलेलं अक्षर. इथे लेव्हेनश्टाईन लावा, पण सगळे बदल एका किमतीचे ठेवू नका. मी सुरुवातीला असं धरतो: श-ष ०.२, ल-ळ आणि न-ण ०.४, अल्पप्राणाचा महाप्राण (जसं क-ख) झाला तर ०.५, पूर्ण वेगळं व्यंजन १, आणि मात्रा पूर्ण बदलली तरीही १. हे आकडे माझ्या हाताच्या अंदाजाचे आहेत. तुमच्या यादीवर चालवून कमी-जास्त करा. आपली वर्णमाला उच्चारस्थानांप्रमाणे ओळींत लावलेली आहे, त्यामुळे कोण कोणाच्या जवळ हे ठरवायला वेगळा अभ्यास लागत नाही, तक्ता समोर ठेवला की पुरतं. शिवाय मर्यादा नावाच्या लांबीप्रमाणे हवी. दोन-अक्षरी आडनावात एकही पूर्ण बदल मान्य करू नका. सहस्रबुद्ध्यांत दोन चालतील.

शोधयंत्रांतही हेच पाहावं लागतं. इलॅस्टिकसर्चची 'ऑटो' सोय ३ ते ५ चिन्हांच्या शब्दाला एक बदल आणि त्याहून लांबला दोन बदल मान्य करते. इंग्रजीत पाच चिन्हं म्हणजे पाच अक्षरं. 'माने' चार चिन्हांचं असल्याने तिथे एक बदल आपोआप मान्य होतो आणि वाचकाला मोने, साने सगळे दिसू लागतात. देवनागरीसाठी या हद्दी हाताने वाढवाव्यात.

जारो-विंकलर हे दुसरं माप तुम्हाला कुणीतरी सुचवेलच. अमेरिकेच्या जनगणना खात्यात नावं जुळवताना ते घडलं आणि ते सुरुवातीची चिन्हं जुळली की जास्त गुण देतं. इंग्रजी नावांत सुरुवात सहसा चुकत नाही, म्हणून ते तिथे योग्य आहे. आपल्याकडे 'देशमुख' आणि 'देशपांडे' घेतले तर साधा जारो गुण ०.६३ च्या आसपास येतो आणि विंकलरच्या भरीने तो ०.७४ होतो, निव्वळ 'देश'मुळे. आडनाव आधी लिहिलेल्या यादीत मी ते वापरत नाही.

तुमच्याकडे इंग्रजी लिपीतली नावंही असतील, निदान सभासदांच्या यादीत. तिथे लोक साउंडेक्स लावतात. रॉबर्ट रसेल यांनी त्याचं पेटंट १९१८ मध्ये घेतलं, आणि अमेरिकेत १९३० च्या दशकात जनगणनेच्या जुन्या याद्यांची सूची त्यावर केली गेली. पहिलं अक्षर तसंच, पुढच्या व्यंजनांना गटवार अंक, स्वर गाळलेले. दीक्षित हे नाव मध्ये 'एक्स' घालून लिहा किंवा 'केएसएच' घालून, दोन्हींचा संकेत डी-२३० येतो. हे छान झालं. पण पाटील आणि पटेल दोघांचाही पी-३४०. फडके, फाटक आणि पाठक तिघांचाही पी-३२०, कारण 'एच' मोजला जात नाही आणि ट-ड एका गटात. आणि त्याच फडक्यांनी नाव 'एफ'ने लिहिलं तर एफ-३२०, म्हणजे स्वतःशीच जुळणार नाहीत. वाघ 'डब्ल्यू'ने आणि 'व्ही'ने लिहिले तरी तेच. परदेशात गेलेल्या कुटुंबांच्या वंशावळी लावताना हा घोळ फार होतो. इंग्रजी नावं आधी देवनागरीच्या सैल किल्लीवर आणा आणि तिथे जुळवा. साउंडेक्स मराठी आडनावांसाठी केलेलाच नाही. भारतीय लिपींसाठी संतोष तोट्टिंगल यांनी 'सिल्पा' प्रकल्पात केलेला इंडिक साउंडेक्स आहे, तो वेगवेगळ्या भारतीय लिपींतली तीच नावं जुळवायला पाहण्यासारखा आहे.

आता ज्या गोष्टीने मला सगळ्यात जास्त शिकवलं, ती. बरीच तयार साधनं नावातले शब्द वर्णक्रमाने लावून मग तुलना करतात, म्हणजे 'देशपांडे, पु. ल.' आणि 'पु. ल. देशपांडे' जुळावेत. सोयीचं वाटतं. पण मराठी नावात क्रमाला अर्थ आहे: आधी स्वतःचं, मग वडिलांचं. ह. ना. आपटे म्हणजे हरि नारायण आणि ना. ह. आपटे म्हणजे नारायण हरि. दोघेही कादंबरीकार, दोघेही तुमच्या कपाटात असणार, आणि वर्णक्रमाच्या किल्लीत दोघांचं 'आपटे ना ह' होऊन बसतं. हा अपवाद नाही. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची आपली पद्धत, त्यामुळे घराण्यात हरि नारायण आणि नारायण हरि आलटून पालटून येतात. मी या कामात नवा असताना एका संस्थेच्या जुन्या सभासदांची यादी अशीच जुळवली आणि कितीतरी बाप-लेक एक करून टाकले. मूळ रकान्यावरच लिहिलं होतं. कागदी नोंदवह्यांवरून ते पुन्हा लावायला आठ दिवस गेले. तेव्हापासून मी आडनाव, पहिलं नाव आणि मधलं नाव असे तीन रकाने करतो आणि प्रत्येकाची तुलना त्याच्याच जागेशी करतो. स्वल्पविराम दिसला की आडनाव आधी आहे हे कळतं. नसेल तेव्हा आडनावांची यादी हाताशी ठेवावी लागते. 'डॉ.', 'प्रा.', 'कै.', 'संपा.', 'अनु.' हे काढून वेगळ्या रकान्यात टाका. फेकू नका, अनुवादक आणि लेखक यांत फरक आहे. 'राव', 'पंत', 'जी' हे प्रत्यय फक्त सैल किल्लीत गाळा.

टोपणनावांपुढे यातलं काहीच चालत नाही. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर, आरती प्रभू आणि चिं. त्र्यं. खानोलकर यांच्यात एकही धागा अक्षरांचा नाही. त्यासाठी प्रमाण नावांची तालिका हवी, म्हणजे प्रत्येक लेखकाला एक क्रमांक आणि त्या क्रमांकाखाली त्याची सगळी रूपं. 'दत्तात्रेय-दत्तात्रय'सारखी नियमात न बसणारी रूपंही तिथेच जातात. ग्रंथपालांनी कार्डांच्या काळातही 'पाहा' असं लिहून हेच केलं होतं. तुमच्या जुन्या कार्डांचे खण अजून असतील तर ते रद्दीत देऊ नका, ही तालिका अर्धी तिथे तयार आहे.

कामाच्या आकाराबद्दल. ३२ हजार नोंदींची प्रत्येकाशी तुलना केली तर ५१ कोटींहून जास्त जोड्या होतात. ते करायचंच नसतं. आधी हुबेहूब सारखी नावं एक धरून फक्त वेगळी नावं काढा. ९ हजार उरली असं धरलं तरी जोड्या ४ कोटींवर येतात. मग सैल किल्लीचं पहिलं व्यंजन आणि व्यंजनांची संख्या यांवरून गट पाडा आणि गटाच्या आतच अंतर मोजा. संख्या एकाने कमी-जास्त असलेले गटही शेजारी धरा, म्हणजे गाळलेलं अक्षर सुटणार नाही. साध्या लॅपटॉपवर हे चहा होईपर्यंत संपतं.

आणि साखळी होऊ देऊ नका. साने मान्यांच्या जवळ, माने मोन्यांच्या जवळ, म्हणून तिघे एका गटात असं काही साधनं करतात. गटातल्या प्रत्येकाचं प्रत्येकाशी जुळायला हवं, अशी अट घाला.

साधन म्हणाल तर ओपनरिफाइन घ्या. फुकट आहे, तुमच्याच संगणकावर चालतं, एक्सेलची फाइल सरळ उघडतं आणि सारख्या वाटणाऱ्या नावांचे गट समोर मांडून होकार-नकार विचारतं. पण त्याची 'फिंगरप्रिंट' पद्धत शब्द वर्णक्रमाने लावणारीच आहे, म्हणजे आपट्यांचा धोका तिथे आहे. वर सांगितलेल्या किल्लीचे रकाने आधी करून घ्या आणि गट त्या रकान्यांवर पाडा. नियम लिहायला त्या मुलाला पायथनच्या शे-दीडशे ओळी पुरतील.

हल्ली याच जागी शब्दांना अंकमाला देणारी प्रारूपं सुचवली जातात. फास्टटेक्स्टची मराठी प्रारूपं आहेत आणि ती शब्दाचे छोटे तुकडे पाहतात, म्हणून लेखनभेद काही प्रमाणात पकडतात. विषयाने पुस्तक शोधायला ती चांगली. 'नदी' म्हटल्यावर 'सरिता' आणणं अंतराच्या सूत्राला कधीच जमणार नाही. पण नावं जुळवताना मला ती नकोत. दोन माणसं का एक केली हे तपासणाऱ्याला सांगता आलं पाहिजे, आणि 'स्त्रचा स्र केला' हे कारण कुणालाही कळतं.

सुरुवात अशी करा. यादीतून कुठल्याही तीनशे जोड्या काढा, निम्म्या अगदी सारख्या दिसणाऱ्या आणि निम्म्या थोड्या वेगळ्या. तुमच्या वाचनालयातल्या सगळ्यात जुन्या माणसाकडून 'एकच' किंवा 'वेगळे' असं लिहून घ्या. प्रत्येक नियम घातल्यावर किती चुकीचे जुळले आणि किती सुटले हे त्यावर मोजा. नोंदी कायमच्या एकत्र करताना चुकीचं जुळणं महाग पडतं, तिथे कडक राहा. वाचक खिडकीवर येऊन नाव टाइप करतो तेव्हा सुटणं महाग पडतं. तिथे सैल किल्ली वापरा, दोन-चार नावं जास्त दिसली तरी तो आपलं निवडून घेतो.

आणि 'वेगळे' म्हणून नाकारलेल्या जोड्याही जपून ठेवा, कुणी आणि केव्हा ठरवलं यासकट. नाहीतर पुढच्या वर्षी नवी पुस्तकं आली की संगणक तेच ह. ना. आणि ना. ह. पुन्हा समोर ठेवेल, आणि त्या दिवशी खुर्चीवर दुसरं कुणी असेल.